जीन हॅकमन यांचा अभिनय कोठून पाहायला सुरुवात करावी?

प्रश्न (म्हापसा): आमच्या नाट्यमंडळातील होतकरू नटांना अमेरिकी चित्रपट अभिनेते जीन हॅकमन यांचे काम दाखवण्याचा विचार आहे. रूढ अर्थाने देखणा नसलेला हा नट इतकी वर्षे आघाडीवर कसा राहिला आणि सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी?

उत्तर (फोंडा): १९७४ चा ‘द कॉन्व्हर्सेशन’ आधी दाखवा. इतरांची संभाषणे चोरून ध्वनिमुद्रित करणारा यातील एकलकोंडा तंत्रज्ञ पाऊस नसतानाही पातळ, आरपार दिसणारा रेनकोट घालून वावरतो, आणि अखेरीस छुप्या मायक्रोफोनच्या शोधात स्वतःच्याच घराची जमीन उखडतो. तरीही हॅकमन आरडाओरडा करत नाहीत. जत्रेतल्या नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची सवय जडलेल्या आपल्या नटांनी हे अवश्य पाहावे.

उत्तर (पणजी): सहमत, पण त्यांची खडतर वाटही सांगा. सोळाव्या वर्षी वय लपवून ते मरीन दलात भरती झाले. पुढे पॅसाडीना प्लेहाउस या कॅलिफोर्नियातील नाट्यसंस्थेत त्यांना आणि पुढे नामवंत नट झालेल्या डस्टिन हॉफमन यांना यशाची सर्वांत कमी शक्यता असलेले विद्यार्थी ठरवले गेले. ‘द फ्रेंच कनेक्शन’साठी ऑस्कर मिळाले तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. ‘अनफर्गिव्हन’मधल्या क्रूर शेरीफच्या, म्हणजे गावच्या पोलीसप्रमुखाच्या, भूमिकेने दुसरे ऑस्कर मिळवून दिले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. विनोदी काही आहे का?

उत्तर (फोंडा): १९७४ च्याच ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’मध्ये ते काही मिनिटांपुरते आंधळे साधू झाले आहेत आणि पाहुण्या राक्षसाच्या मांडीवर कढत सूप ओततात. दोन्ही चित्रपट एकाच दिवशी दाखवा.