मसूद अझर लढवय्या कधीच नव्हता
गरिबी आणि निरक्षरतेतूनच दहशतवादी तयार होतात असं बरेचजण म्हणतात, ते खालच्या पोरांबद्दल बरंचसं खरं असेल पण म्होरक्यांना लागू होत नाही. जैश-ए-मोहम्मद या पाकिस्तानी दहशतवादी संघटनेचा म्होरक्या मसूद अझरच बघा. बाप बहावलपूरला सरकारी शाळेत मास्तर, हा कराचीच्या बिनोरी टाऊन मदरशात शिकला आणि तिथेच शिकवायलाही लागला, अफगाणिस्तानात ट्रेनिंगला पाठवला तर ते त्याला झेपलं नाही म्हणून त्याच्या तेव्हाच्या संघटनेने (जैश तेव्हा नव्हती) त्याच्या हातात मासिक दिलं आणि त्याला स्टेजवर उभं केलं. खरं घातक काम तिथून सुरू झालं. 1993 मध्ये हा माणूस ब्रिटनमध्ये महिनाभर मशिदी मशिदींतून भाषणं देत फिरला, पैसा आणि पोरं दोन्ही गोळा केली. पुढच्याच वर्षी पोर्तुगीज पासपोर्टवर दिल्लीत उतरला, काश्मीरला गेला आणि अनंतनागजवळ गाडी बिघडल्यावर रिक्षातून जाताना पकडला गेला.

कंदाहारला नेलेल्या अपहृत विमानातल्या प्रवाशांच्या बदल्यात भारताला त्याला सोडावं लागलं, आणि 31 डिसेंबर 1999 ला सुटल्यावर काही दिवसांतच तो कराचीत हजारोंच्या जमावापुढे बोलत होता, आणि थोड्याच दिवसांत जैश उभी. आपण बंदुका मोजत बसतो. मला तरी वाटतं, असली भाषणं आणि मासिकं चालू देणाऱ्यांनाही तितकंच जबाबदार धरलं पाहिजे, कारण मरायला पोरं तिथूनच मिळतात आणि हा स्वतः मात्र मागेच राहतो.