‘खात’ची पाने सुटली, तरी तोंडाची कोरड का जात नाही?

प्रश्न (नाशिकरोड): माझे थोरले भाऊ नोकरीनिमित्त सहा वर्षे इथिओपियात हरारजवळ राहिले आणि ‘खात’ या झुडपाची कोवळी पाने दुपारभर गालात धरून चघळण्याची सवय त्यांना तिथेच लागली; तिकडे या पानांना ‘चात’ म्हणतात. परत येऊन दोन महिने झाले, पाने पूर्ण सुटली. तरी बाजरीच्या भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, आणि डाव्या गालात आतून पांढरट, खरखरीत चट्टा दिसतो. ही कोरड कधी जाईल?

उत्तर १ (दंतवैद्य, गंगापूर रोड): ताई, या पानांतील कॅथिनोन हे उत्तेजक द्रव्य लाळ आटवते आणि त्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य तोंड आवळून धरते, हे खरे. मात्र कॅथिनोनचा अंमल काही तासांत ओसरतो. म्हणून दोन महिन्यांनंतरही टिकलेल्या कोरडीचा सगळा दोष पानांवर टाकून थांबू नका. मधुमेह आहे का, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, हे आधी पाहावे. अशा रुग्णाचे तोंड तपासताना आमचा छोटा आरसा गालाच्या आतल्या त्वचेला चिकटतो, इतकी लाळ कमी झालेली असते. लाळ तोंडातले आम्ल निवळते आणि दातांना कॅल्शियम पुरवते. ती नसली की हिरड्यांलगत, दातांच्या मुळाशी कीड धरते. चट्टा बहुधा पानांच्या घर्षणाने आलेला असेल. पण सवय सुटूनही तो विरला नसेल, तर बायोप्सी (चट्ट्याचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी) टाळू नये.

उत्तर २ (सिडको): मी इथिओपियाशेजारच्या जिबूती देशात चार वर्षे होतो. पाने शिळी झाली की त्यांचा जोर जातो, म्हणून ताज्या जुड्यांची रोज वाट पाहिली जाई. पाने कडवट लागतात आणि घसा सुकतो, त्यामुळे सोबत गोड चहा आणि थंड पेयांच्या बाटल्या चालत. माझ्या दोन दाढा गेल्या त्या या गोडामुळे, असे मला आजही वाटते. भाऊ पानांबरोबर काय पीत होते, तेही डॉक्टरांना अवश्य सांगा.

प्रश्नकर्ती: आपले दोघांचेही आभार. भाऊ दिवसभर साखरेचा चहाच पीत असत. काल उपाशीपोटी तपासलेली रक्तशर्करा १८६ निघाली, ज्याची आम्हाला कल्पनाच नव्हती. बायोप्सीसाठी गुरुवारची वेळ घेतली आहे.