जर्मनीची तिसरी लीग, नेमकी भानगड काय आहे?

लोकहो, जर्मन फुटबॉलची पहिली लीग बुंडेसलिगा बघतो पण ३. लिगा डोक्यावरून जाते. २०२० ला बायर्न म्युनिक क्लबची दुसरी (रिझर्व्ह) टीम चॅम्पियन झाली आणि तरी वर गेली नाही, असं का?

उत्तर १: रिझर्व्ह टीमला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जायची परवानगीच नाहीये, म्हणून खालच्या वुर्झबुर्ग आणि ब्राउनश्वाइगला डायरेक्ट प्रमोशन मिळालं. बाकी सोपं आहे, २० टीम, प्रत्येकी ३८ मॅच, पहिल्या दोन वर, तिसरी २. बुंडेसलिगाच्या (म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनच्या) सोळाव्या टीमशी प्लेऑफ खेळते, शेवटच्या चार खाली. लीग २००८ पासूनची, चालवतं डीएफबी (जर्मन फुटबॉल संघटना), म्हणजे वरच्या दोन लीग जशा डीएफएल ही वेगळी संस्था चालवते तसं नाही.

उत्तर २: खरी गंमत खाली आहे राव. रेगिओनालिगा, म्हणजे चौथ्या पातळीच्या विभागीय लीग, पाच आणि प्रमोशनच्या जागा चार! वेस्ट आणि साउथवेस्टचे चॅम्पियन थेट वर, उरलेल्या तिघांतल्या एकाला आळीपाळीने थेट जागा आणि बाकी दोघं आपसात प्लेऑफ. अख्खा सीझन जिंकून दोन मॅचमध्ये सगळं पाण्यात, हा शुद्ध अन्याय आहे.

प्रश्नकर्ता: आयला, म्हणजे चॅम्पियन होऊनपण तिथेच? धन्यवाद दोघांना.