मदत हवी आहे : कांदाचाळीखाली कुत्री व्यालीये, एक पिल्लू गार पडतंय

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, शुद्धलेखनाकडे काणाडोळा करा. जुने धागे चाळले, पण ते बहुतेक फ्लॅटमधल्या लॅब आणि पगचे आहेत. आमचं प्रकरण मळ्यातलं आहे.

आम्ही निफाड तालुक्यात वस्तीवर राहतो. चिमी ही गावठी कुत्री. आम्ही पाळलेली अशी नाही, पण दोनेक वर्षांपासून पडवीत असते, भाकरी खाते, रात्री राखण करते. परवा पहाटे ती रिकाम्या कांदाचाळीखाली व्याली. पाच पिल्लं आहेत. चार चांगली गुटगुटीत, सारखी आचळाला चिकटलेली. पाचवं, पांढऱ्या पायांचं, अगदीच किरटं. ते बाजूला पडून असतं. चिमी नाकाने त्याला अजून लांब सारते. काल बारीक आवाजात सारखं रडत होतं, आज रडायचंही थांबलंय. हातात घेतलं तर गार लागतं. तोंडात करंगळी घातली तर तोंड आतूनही गार, आणि बोट ओढत नाही. बाकीच्यांची पोटं टम्म आहेत, याचं पाठीला लागलंय.

ज्यांनी कांदाचाळ पाहिली नसेल त्यांच्यासाठी : चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असतो, पट्ट्यांचा, मध्ये फटी ठेवलेला. खालून वारा खेळला पाहिजे, नाहीतर कांदा सडतो. उन्हाळ कांदा दिवाळीच्या आगेमागे विकून झाला की चाळ मोकळी होते. चिमीला तिथे माणसांची वर्दळ नाही, डोक्यावर पत्रा आहे, म्हणून ती जागा आवडली असणार. पण वारा तिथूनच जातो, आणि सध्या आमच्याकडे पहाटे पारा सात-आठवर उतरतोय. लोक द्राक्षबागेत शेकोट्या पेटवताहेत.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणतात हात लावू नको, माणसाचा वास लागला की ती सगळीच टाकेल. ह्यांचं म्हणणं, गाईचं दूध कोमट करून चमच्याने घाल. मुलगा त्याचा स्वेटर घेऊन चाळीपाशी बसलाय. दवाखान्यात फोन केला तर पलीकडून उत्तर, "बाई, गाय असती तर लगेच आलो असतो." कुत्र्यामांजरांचे डॉक्टर नाशिकला, जायला तास लागतो, आणि इतक्या लहान जिवाला या गारठ्यात मोटरसायकलवर न्यायचं कसं?

माझ्याकडे सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आहे, गाईचं दूध आहे, गोणपाटं आहेत. वीज रात्री कधी जाईल सांगता येत नाही. दूध पाजू का? पाजलं तर किती? आणि चिमी त्याला परत घेईल का?

रानपाखरू
ताई, आत्ता दूध अजिबात पाजू नका. गाईचं नाही, कुणाचंच नाही. आधी पिल्लू गरम करा.

मी डॉक्टर नाही, पण रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या पिल्लांचं काम बरीच वर्षं करतेय, आणि गार पिल्लाला मायेपोटी दूध पाजून घालवलेलं इतक्यांदा पाहिलंय की हे आधी लिहिलं. त्याला उचला, स्वेटरच्या आत, अंगाला लागून धरा. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, तिला टॉवेल गुंडाळा आणि टोपल्यात त्याच्या शेजारी ठेवा. बाटली थेट अंगाला लावायची नाही. त्यांची कातडी पातळ असते, भाजलं तरी त्याला बाजूला सरकता येत नाही. शेकोटीजवळ नेऊ नका, हेअर ड्रायर नको. हळूहळू, तासाभरात किंवा त्याहून जास्त वेळ लागला तरी चालेल. अधूनमधून बाटलीतलं पाणी बदला. दर दहा मिनिटांनी साखरेच्या पाण्याचं बोट हिरड्यांना चोळा, नुसतं ओलं बोट, थेंब घशात सोडायचा नाही.

सासूबाईंना सांगा, चिमी तुमच्या हातची भाकरी खाते, तुमच्या वासाने ती पिल्लू टाकणार नाही. ती त्याला सारतेय ते बहुतेक गार पडलंय म्हणूनच. गरम करून परत ठेवलं की पुष्कळदा घेते. फक्त उचलताना तिच्यासमोर भाकरी ठेवा. ओळखीची असली तरी व्यालेली कुत्री आहे, चावू शकते. चावलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीसाठी जायचं. ओळखीचं कुत्रं आहे म्हणून टाळायचं नाही.

तोंड आतून कोमट लागलं आणि करंगळी ओढायला लागलं की इथे लिहा.

बांधावरून
कटू वाटेल, पण पाचातलं एखादं जातंच. आई ओळखते कुठलं जगणार नाही. उगाच जीव पाखडू नका. गावात आधीच कुत्री कमी आहेत का?

द्राक्षवेल
गावातल्या कुत्र्यांची शिरगणती नंतर करू. सध्या एकच स्वेटरमध्ये आहे.

गोठेवाला
मी पशुवैद्य आहे, जास्त करून गाईम्हशींचा. कुत्र्यांचं काम आता नाही, पण शिकलोय तेवढं सांगतो. रानपाखरू यांचं बरोबर आहे, त्यामागचं कारण कळलं तर घरच्यांना पटवणं सोपं जाईल.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडता येत नाही, शरीरात ती सोयच अजून तयार नसते. आईचं पोट आणि भावंडांचा ढीग एवढीच त्याची शेगडी. या वयात अंगाचं तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असतं, मोठ्या कुत्र्याचं ३८ ते ३९. पिल्लू ३५ च्या खाली गेलं की आतडी मंदावतात. पाजलेलं दूध पचत नाही, पोट फुगतं. चोखायची ताकद नसते, म्हणून चमच्याने घातलेलं दूध फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. गारठा, अंगातली साखर कमी होणं आणि पाणी कमी होणं, तिन्ही एकमेकांना ओढत नेतात, पण सुरुवात बहुधा गारठ्यापासून होते.

आता चाळीचं. एक पिल्लू वाचवून उपयोग नाही, पुढच्या पाळीला दुसरं गारठेल. आजच्या आज सगळं बिऱ्हाड हलवा. गोठ्याचा कोपरा किंवा अवजारांची खोली चालेल. जुना पत्र्याचा दरवाजा नाहीतर फळी खाली, त्यावर गोणपाट, त्यावर जुनी साडी. भुसा किंवा सुटं गवत नको, नाकातोंडात जातं. कडेने वीतभर उंच काठ करा, चिमीला ओलांडता येईल आणि पिल्लं बाहेर घरंगळणार नाहीत असा. पिल्लं टोपल्यात घालून तिच्या नाकासमोरून न्या, ती मागे येईल. ती परत चाळीत उचलून न्यायला लागली तर चाळीखालचा भाग दोन दिवस बंद करा.

पिल्लांपाशी पहिला आठवडा २९ ते ३२ अंश ऊब हवी, पुढे हळूहळू कमी करत जा. एलईडी दिव्याने काही होणार नाही, तो उजेड देतो, ऊब नाही. तुमच्या भागात पोल्ट्री भरपूर आहेत, ब्रूडरचा, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायचा, लाल बल्ब मागून आणा. तो एका कोपऱ्यावर, पुरेसा उंच टांगा, म्हणजे जास्त झालं तर पिल्लं दुसऱ्या बाजूला सरकतील. सगळी एकावर एक चढून बसली असतील तर थंडी वाजतेय, लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर जास्त होतंय. वीज गेली की बाटल्या.

दुधाचं. गाईच्या दुधात चरबी साडेतीन-चार टक्के. कुत्रीच्या दुधात त्याच्या दुप्पट-अडीचपट, प्रथिनंही दुपटीहून जास्त, आणि साखर मात्र कमी. म्हणजे गाईच्या दुधाने पोट भरल्यासारखं वाटतं, वाढ होत नाही, वर जुलाब. पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, नाशिकला पेट शॉपमधून मागवा, एसटीच्या पार्सलने येईल. ती येईपर्यंत एखाद्या रात्रीची वेळ निभवायची तर शेळीच्या दुधात अंड्याचा पिवळा बलक फेटून, गाळून, कोमट करून. पण पिल्लू गरम झालं आणि चोखायला लागलं तर पहिला हक्क चिमीच्या आचळाचा. मागच्या आचळांना दूध जास्त असतं, त्यांना लावा आणि धडधाकट भावंडांना पंधरा मिनिटं टोपल्यात बाजूला ठेवा.

सिरिंजनेच पाजायची वेळ आली तर पिल्लू पालथं, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. १०० ग्रॅम वजनाला एका वेळी ४ मिलीच्या वर नाही, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. नंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने पोटाखाली आणि शेपटीखाली हलकेच पुसायचं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आईने चाटल्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही. चिमी चाटत असेल तर ते तिच्यावर सोडा.

खारीबुंदी
बाकी सगळं जाणकारांनी लिहिलंय, मी फक्त बाळंतिणीबद्दल. आमच्याकडे पोरं घरोघर फिरून पीठ, गूळ, तेल मागतात आणि व्यालेल्या कुत्रीला शिरा करून घालतात. घाला, हौसेने खाते. पण तुम्ही निफाडच्या, म्हणून सांगते, शिऱ्यात बेदाणे नकोत. द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. नुसत्या शिऱ्यावर दूधही उतरत नाही. उकडलेली अंडी, कोंबडीचं उकडलेलं मांस (शिजलेली हाडं काढून), भाकरी कुस्करून, आणि पाण्याचं भांडं जवळच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाईल. हावरट झाली म्हणून ओरडू नका.

द्राक्षवेल
बिऱ्हाड गोठ्यात हललं. चिमी दोनदा एकाला तोंडात धरून चाळीकडे निघाली, मग ह्यांनी चाळीखाली क्रेट रचून टाकले. ब्रूडरचा बल्ब शेजारच्या पोल्ट्रीतून आला. पांढरपाय्याला संध्याकाळपर्यंत स्वेटरमध्येच ठेवलं. तोंड कोमट झाल्यावर करंगळी ओढली, मग मागच्या आचळाला लावलं. पहिल्यांदा सुटत होतं, थोडं दूध पिळून ओठाला लावलं तेव्हा धरलं. पुढचे पंजे आचळाच्या दोन्ही बाजूंना दाबत होतं. चिमीने हुंगलं, चाटलं, सारलं नाही. भाजीच्या डिजिटल काट्यावर १९० ग्रॅम भरलं, बाकीची २६० ते ३०० आहेत.

अजून दोन अडचणी. गोठ्यात मुंगळे आहेत, पावडर टाकू का? आणि पिल्लांवर पिसवा दिसताहेत. घरात जनावरांचं गोचिडाचं औषध आहे, त्याचा बोळा फिरवला तर?

गोठेवाला
दोन्ही नको. पावडर पिल्लांच्या अंगाला लागते, चिमी ती चाटते. मुंगळे ओल्या अंथरुणाला आणि सांडलेल्या दुधाला येतात, साडी रोज बदला आणि फळी चार विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटल्यांत ठेवा. जनावरांचं गोचिडाचं औषध या वयाच्या पिल्लाला विष आहे. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाका, तेवढंच. अंघोळ घालायची नाही.

वजन रोज एकाच वेळी घेऊन वहीत लिहा. रोज ५ ते १० टक्के वाढ हवी, आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट. एक दिवस अडलं तर लक्ष ठेवा. घटलं, किंवा दूध पिऊनही सारखं रडत राहिलं, तर टोपल्यात बाटल्या घालून नाशिक गाठा. १९६२ हा पशुसंवर्धनाच्या फिरत्या पथकाचा क्रमांक आहे, कुत्र्यासाठी येतील याची हमी नाही, विचारायला पैसे पडत नाहीत.

डोळे १० ते १४ दिवसांत आपोआप उघडतील, बोटाने उघडू नका. मात्र मिटलेल्या पापणीखाली फुगवटा आला तर आत पू आहे, त्याला थांबायचं नाही. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, दर दोन आठवड्यांनी, वजनावर मोजून, आणि चिमीलाही त्याच वेळी. गोलकृमी पोटात असतानाच आईकडून येतात, म्हणून "पिल्लं तर घरातच आहेत" असं म्हणून चालत नाही. मुलाला हात धुवायची सवय लावा, ते जंत माणसांनाही बाधतात. लस सहा ते आठ आठवड्यांपासून, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर.

चिमीची आचळं रोज हाताने तपासा, एखादं गरम, कडक, निळसर लागलं तर डॉक्टर. आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ती धापा टाकायला लागली, पाय ताठ टाकत चालली, थरथरली, तर कॅल्शियम उतरलंय. गाईला मिल्क फिव्हर झाला की ती गळून बसते, कुत्री उलट ताठरते. सलाईनमधून कॅल्शियम हळूहळू द्यावं लागतं, तेही हृदयाचे ठोके ऐकत. तेव्हा "मी गाईंचा डॉक्टर" म्हणून कुणाला टाळू देऊ नका, हे काम आम्हाला येतं.

रानपाखरू
वा पांढरपाय्या! ताई, पहिले दोन आठवडे बेभरवशाचे असतात, आज दूध प्यालं म्हणून रात्रीची फेरी सोडू नका.

द्राक्षवेल
रात्रीची पाळी ह्यांनी घेतलीये, एरवी बागेच्या पाण्याला उठतातच. आता शेजारच्या मळ्यातले दोघं येऊन नर निवडून गेले. महिन्याचं झालं की नेतो म्हणाले, लहानपणी नेलं की माया लागते म्हणे. देऊ का?

रानपाखरू
महिन्याला नको, आठ आठवडे पुरे होऊ द्या. तीन-चार आठवड्यांपासून ती आईकडून आणि एकमेकांकडून शिकतात, किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो ते. आधीच तोडलेली पिल्लं पुढे फार चावतात. त्या दोघांना सांगा, आत्ता येऊन खेळवून जा, माया तशीही लागते. आणि माद्यांना कोणी विचारलं नसेल, तर त्यांची आणि चिमीची नसबंदीची सोय नाशिकला आत्तापासून विचारून ठेवा. चिमीची पिल्लांनी दूध सोडल्यावरच, त्याआधी कुणी उचलायला आलं तर देऊ नका. माद्यांची सहा महिन्यांच्या आसपास. बांधावरून यांचा मूळ मुद्दा तोच होता, मांडायची वेळ तेवढी चुकली.

बांधावरून
मान्य. माझ्या मेहुण्याचा पिकअप नाशिकला दर बुधवारी भाजी घेऊन जातो, परत येताना रिकामा असतो. पावडर, नंतर चिमी, काय आणायचं-न्यायचं असेल ते व्यनि (खाजगी निरोप) करा.