‘नटसम्राट’ चित्रपटाचे मोजमाप नाटकावरून करावे का?

गोदाकाठ, नांदेड
कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले आणि महेश मांजरेकरांचा चित्रपट २०१६ साली. आमच्या हौशी नाट्यमंडळात या चित्रपटावर चर्चा ठेवायची आहे. म्हातारे नट बेलवलकर झालेल्या नाना पाटेकरांच्या कामाने मी हेलावलो, तरीही आपण नाटकाचेच चित्रीकरण पाहत आहोत, असे अनेकदा वाटत राहिले. अशा चित्रपटाची पारख मूळ संहितेशी असलेल्या निष्ठेवरून करावी का?

रंगपीठ, छत्रपती संभाजीनगर
संहितेतली किती वाक्ये टिकली यापेक्षा कॅमेऱ्यासमोर त्यांचे काय झाले, हे पाहावे. घर मागणारे स्वगत आमच्या संत एकनाथ रंगमंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावे लागते, म्हणून त्या भाषेला तो चढा स्वर शोभतो. कॅमेरा मात्र नटाच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबलेला असतो, आणि तिथे तोच स्वर, वर पार्श्वसंगीताची भर, हे सारे मला जड झाले. दोष मोठा आहे. परंतु विक्रम गोखल्यांचे रामभाऊ हे नाटकात नसलेले पात्र रुग्णालयात खाटेवर असताना दोघे म्हातारे नट कर्ण-कृष्णाचा प्रसंग उभा करतात, तेव्हा तीच भारदस्त भाषा अगदी खरी वाटते, कारण आयुष्यभर तीच बोलत आलेला मित्र ती ऐकायला समोर असतो. मूळ नाटकाचा गाभा मला इथेच सर्वाधिक सापडला.

पडद्यामागे, परभणी
रामभाऊंबद्दल सहमत आहे. निष्ठेचीच कसोटी लावली, तर कुसुमाग्रजही तिला उतरणार नाहीत. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया या नाटकावर आहे, पण लिअरची राणी रंगमंचावर येतच नाही, आणि इथे मात्र बेलवलकरांची पत्नी कावेरी आहे, जिच्यामुळे बेलवलकरांचे दुःख राजाचे न राहता संसाराचे होते. माझी तक्रार त्याच ठिकाणी आहे: कावेरीचे गप्प राहणे जवळून दाखवणे रंगमंचाला अवघड आणि कॅमेऱ्याला सोपे असूनही, चित्रपट तिच्यावर पुरेसा न रेंगाळता पुन्हा पुन्हा नानांकडे वळतो.

गोदाकाठ, नांदेड
दोघांचेही मनःपूर्वक आभार. कावेरीचा विचार मी केलाच नव्हता. आता चर्चेच्या दिवशी आधी तिचे प्रवेश संहितेतून मोठ्याने वाचू आणि मगच चित्रपट लावू.