सिग्नलवर उभी राहिली की गाडी तापते. इंजिन खोलावे का?

प्रश्न :
माझ्या वडिलांनी २००८ साली घेतलेली पेट्रोल गाडी मी अजून वापरतो. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणी-नूतनीकरण झाले तेव्हा ती उत्तम होती. या मे महिन्यात मात्र नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत, विशेषतः व्हरायटी चौकात थांबले की, तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो; वर्धा मार्गाने बुटीबोरीपर्यंत न थांबता गेल्यास तो मध्यावरच राहतो. मिस्त्रींनी आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) आणि मग पाण्याचा पंप बदलला. आता हेड गॅस्केटसाठी (इंजिनच्या दोन भागांमधील सील) इंजिन खोलायचे म्हणतात. ‘आता काळजी नको’ असे ऐकून गाडी घरी आणायची आणि चौथ्या दिवशी भर उन्हात बॉनेट उघडून उभे राहायचे, याचा मनस्ताप खर्चाहून मोठा आहे.

उत्तर १ :
कृपया इतक्यात इंजिन खोलू देऊ नका. धावत्या गाडीचा रेडिएटर (इंजिनचे गरम पाणी थंड करणारी जाळी) समोरच्या वाऱ्याने थंड होतो, तर उभ्या गाडीत ते काम विजेच्या पंख्यालाच करावे लागते; पंप किंवा थर्मोस्टॅट निकामी असता, तर महामार्गावरही काटा चढला असता. गाडी जागेवर सुरू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर पंखा फिरू लागतो. न फिरल्यास फ्यूज, रिले (पंख्याचा विजेवर चालणारा स्विच) आणि जोडण्या तपासून घ्या, मग मोटरला थेट बॅटरीची वीज देऊन पाहण्यास सांगा.

उत्तर २ :
वरील मताशी सहमत आहे. गॅस्केट गेल्याचा संशय असेल, तर कूलंट (रेडिएटरमधील इंजिन थंड ठेवणारे द्रव) गळती नसताना कमी होते का, ऑइल दुधाळ झाले आहे का, हे आधी पाहावे. आणखी एक कळकळीची विनंती : रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नका, त्यातील क्षार आतल्या बारीक नळ्यांत साचतात. इंजिन गरम असताना झाकण तर मुळीच उघडू नका. आतले पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर तापलेले असते आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येते.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. एसी लावूनही पंखा हलला नाही. फ्यूज व रिले शाबूत होते, मोटरचे ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) मात्र पूर्ण झिजलेले निघाले. गाडी थांबली की एसीची हवाही गरम येत असे, आणि ते मी नागपूरच्या उन्हाळ्याच्या माथी मारत होतो. मोटर बदलल्यावर काल दुपारी व्हरायटी चौकात बराच वेळ अडकलो, तरी काटा मध्यावरून हलला नाही.