मदत हवी आहे : खोटी ठरलेली श्रद्धा लोक का सोडत नाहीत?

नमस्कार मंडळी. लहानपणी माझी पक्की समजूत होती की प्रार्थनेतला एक शब्द जरी चुकला तरी आईला काहीतरी होईल. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी झोप लागेपर्यंत हेच चालायचं. कोणी शिकवलं होतं, आठवत नाही, पण ती भीती अजून आठवते.

म्हणून विचित्र श्रद्धांबद्दल वाचू लागले आणि विल्यम मिलर या अमेरिकी शेतकऱ्यापाशी अडकले. बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकावरून त्याने येशूच्या पुनरागमनाचा काळ काढला होता. अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. काहींनी उभी पिकं कापलीच नाहीत! रात्र सरली, कोणी आलं नाही, लोक ढसाढसा रडले. बरेच जण पांगले, पण काहींनी अर्थ बदलला : तारीख बरोबर, घटना मात्र स्वर्गात घडली. त्यांच्यातूनच पुढे १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च स्थापन झालं. मला त्यांची कीवच येते. प्रशांत महासागरातल्या वानुआतू देशाच्या तान्ना बेटावर तर, एक दिवस भरपूर माल घेऊन परत येईल असं मानल्या जाणाऱ्या जॉन फ्रम या दैवी पुरुषाच्या वाटेकडे डोळे लावून लोक दर १५ फेब्रुवारीला बांबूच्या बंदुका घेऊन कवायत करत आले आहेत.

अशी आणखी उदाहरणं माहीत असतील तर सांगा ना. आणि तुमची स्वतःची एखादी श्रद्धा गळून पडली असेल, तर ती एका क्षणात गेली की हळूहळू? त्या जागी नंतर काय आलं?